पोत्याच्या पाठीवरची यादी

या लेखात एकाच प्रश्नाचे उत्तर शोधले आहे. शेजारच्या वावरातला कुत्रा चैत्रात मरणाच्या दारी गेला, तो मी त्याला रोज चारत असलेल्या विकतच्या कांड्यांमुळे का? प्रश्न एका ओळीचा आहे. पण ज्या सकाळी तो मला तोंडावर विचारला गेला, त्या सकाळी माझ्याकडे उत्तर नव्हते. मी पस्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. न वाचता उत्तर लिहिणाऱ्या मुलांना मी बाकावर उभे केलेले आहे, हे आधीच सांगून ठेवते.

रिसोडहून रिठदकडे जाणाऱ्या रस्त्यावर वस्ती संपते, तिथे माझे दोन खोल्यांचे घर आहे. कुंपणाच्या तारेपलीकडे शेजाऱ्यांचे दीड एकर वावर. कडेने वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर. ते रोज सकाळी बाजारात जाते. मधल्या मोठ्या तुकड्यात बिजवाईचा कांदा, म्हणजे खाण्यासाठी नव्हे तर बियाण्यासाठी लावलेला. साठवलेला कांदा पुन्हा मातीत लावतात, त्याला उंच दांडे फुटतात, दांड्यांवर पांढरे गोंडे धरतात, आणि गोंडे वाळू लागले की तोडून ताडपत्रीवर पसरतात. वर्षाची सगळी कमाई त्या गोंड्यांत असते. जमिनीतला कांदा उकरायला रानडुकरे येतात, म्हणून शेजाऱ्यांनी कुत्रा पाळला होता. तांबूस रंगाचा, डावा कान मोडलेला. त्याला नाव नव्हते. शेजारच्या वहिनी जिभेने चुक्‌चुक्‌ करत आणि तो येई.

त्याचे आणि माझे प्रथम पटले नाही. थंडीत मी पहाटे फिरायला निघाले की तो धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, धावत येऊन माझ्या पदराशी भुंके. तीन दिवस सहन केल्यावर मी शेजारच्या भाऊंना तारेजवळ बोलावले आणि म्हटले, "याला बांधून ठेवा. नाहीतर मला नगरपरिषदेत अर्ज द्यावा लागेल."

भाऊ मिरचीचे पोते शिवत होते. मान वर न करता म्हणाले, "द्या ना बाई अर्ज. डुकरं अर्ज वाचून पळत असतील त आजच सोडून देतो कुत्रं."

वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. मी हसले नाही. माझे ते अर्जाचे वाक्य पुढे माझ्यावर उलटणार आहे, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते.

अर्ज मी दिला नाही. त्याऐवजी कुत्र्याशी सलोखा करायचे ठरवले. बाजारात सरकीची ढेप, म्हणजे पेंड, आणि तुरीची चुरी विकणारे पशुखाद्याचे एक दुकान आहे. तिथे अलीकडे एका कोपऱ्यात कुत्र्यांच्या खाऊचे पोतेही उघडे ठेवलेले असते. आत बोटाएवढ्या, लालसर तपकिरी, किंचित मऊ कांड्या. दुकानदार त्या तराजूत घालून पारदर्शक पिशवीत भरून देतो. मी विचारले, "यात काय असते?"

"चिकन हाय बाई, निव्वळ चिकन. वासच पाहा ना."

मी पिशवी नाकाशी नेली. वास होता. मी समाधानाने पैसे दिले. प्रयोगशाळेत अनोळखी पदार्थाला थेट नाक लावू नये, हे मी दरवर्षी पहिल्याच तासाला सांगत असे. आणि वास आला म्हणजे पदार्थ कळला असे होत नाही, हेही.

रोज पहाटे दोन कांड्या, असा क्रम लागला. आठवड्यात भुंकणे थांबले. पुढच्या आठवड्यात तो तारेपाशी येऊन माझी वाट पाहू लागला. वहिनींच्या घरी माळ घातलेली. त्यांना या प्रकाराची मोठी गंमत वाटे.

"आमच्या चुलीवर अंडं चढत नाही," त्या म्हणत, "अन् हा नवाब दिवस निंगाल्या निंगाल्या चिकन खाते. तुमी बिघडोलं बाई याले. भाकर दिली त असा पाहते माह्याकडे, जशी मी सासू हाय त्याची."

चैत्र लागला आणि ऊन चढले. गोंड्यांची तोडणी सुरू झाली. ताडपत्री विहिरीजवळच्या टिनाच्या छपरासमोर अंथरली आणि तिची राखण करायला कुत्र्याला दिवसभर त्या छपराखाली साखळी लावली. दुपारी टिन इतके तापे की माझ्या खिडकीतूनही त्याचा कडकडाट ऐकू येई. वहिनींच्या पदराच्या टोकाला कांदा बांधलेला असे, भाऊंच्या सदऱ्याच्या खिशात कांदा असे. ऊन लागू नये म्हणून आमच्याकडे सगळेच तसे करतात. मीही बाजारात जाताना पिशवीत एक टाकते.

तोडणीला दहाबारा दिवस झाले असतील. एका पहाटे कुत्र्याने कांड्या हुंगल्या आणि तशाच मातीत टाकल्या. मला वाटले, उन्हाने भूक मेली. दुसऱ्या दिवशी त्याने त्या हुंगल्याही नाहीत. तिसऱ्या दिवशी मी तारेजवळ गेले तेव्हा तो छपराखाली आडवा पडलेला होता आणि भाऊ त्याच्यापाशी उकिडवे बसले होते. कुत्र्याची जीभ पांढुरकी दिसत होती. बाजूच्या मातीत ओला डाग होता. त्याचा रंग बिनदुधाच्या चहासारखा, गडद तांबडा.

"बाई, थांबा तिथंच," भाऊ म्हणाले. "थे हातातलं खाली ठेवा."

मी कांड्या कुंपणाच्या दगडावर ठेवल्या.

"काय चारून राह्यल्या तुमी याले?"

"कांड्या. बाजारातल्या."

"थे मले दिसते. त्याच्यात काय हाय?"

मी 'चिकन' म्हणायला तोंड उघडले आणि मिटले. ते दुकानदाराचे उत्तर होते, माझे नव्हते.

"तुमीच म्हनल्या होत्या ना, अर्ज देतो म्हून? घ्या. अर्जाची गरजच नाही पडली."

"असं कायले बोलता हो?" वहिनी मध्ये पडल्या. "बाई हाय थ्या. शिकोलं त्यायनं अर्ध्या गावाले."

"म्हून त विचारून राह्यलो. मास्तरनीलेच माहीत नाही काय चारलं, त मंग कोनाले माहीत असन?"

आमच्या भागात डुकरांचा किंवा नकोशा कुत्र्याचा काटा काढायचा तर लोक कणकेच्या गोळ्यात फवारणीचे औषध घालतात. भाऊंनी तो शब्द उच्चारला नाही. पण माझ्या आणि त्यांच्या मध्ये तारेवर तोच शब्द लटकलेला होता, आणि मी तो दूर करू शकत नव्हते. कारण मी काय चारले हे खरोखरच मला माहीत नव्हते.

शेजाऱ्यांच्या ओळखीचा तीनचाकी मालवाहू ऑटो आला. कुत्र्याला तरटावर घेऊन मागे निजवले. वहिनींनी त्याचे डोके मांडीवर घेतले. मला कुणी बोलावले नाही, पण मीही चढले. घरातून आणलेली कांड्यांची पिशवी माझ्या हातात होती. रस्त्यावरच्या प्रत्येक धक्क्याला कुत्र्याच्या बरगड्या हलत आणि मग थांबत; पुढचा श्वास येईपर्यंत आम्ही तिघेही त्याच्या पोटाकडे बघत राहत होतो.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर एका म्हशीला तपासून हात धूत होते. वयाने तरुण. त्यांनी कुत्र्याचा ओठ वर करून हिरडी पाहिली. ती भिजलेल्या कागदासारखी होती. अंगठ्याने दाबून सोडली, तरी रंगात फरक पडला नाही.

"रक्त खूप उतरलंय," ते म्हणाले. "लघवी लाल होती का?"

"हो," वहिनी म्हणाल्या.

"मग रक्ताच्या लाल पेशी आतल्या आत फुटताहेत. ते गोचिडांच्या तापानं होतं. विषानं होतं. काही खाण्यानंही होतं. गोचिडांचं मी आत्ता सूक्ष्मदर्शकातून पाहतो. घरी उंदरांचं औषध ठेवलंय?"

"नाही साहेब. कदीच नाही," भाऊ म्हणाले.

"नेहमीच्या भाकरीशिवाय वेगळं काही खातो?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिले. मी पिशवी पुढे केली. डॉक्टरांनी ती उलटसुलट केली.

"मॅडम, यावर काहीच लिहिलेलं नाही."

"सुट्या घेतल्या आहेत."

"आत काय आहे?"

"दुकानदार चिकन म्हणाला."

ते अगदी सौम्यपणे म्हणाले, "तुम्ही शिक्षिका होता ना?"

पस्तीस वर्षांत कुणी मला याहून कठोर काही बोलल्याचे आठवत नाही.

"ऐका," डॉक्टर पुढे म्हणाले. "सलाईन मी लावतो. पण कारण कळलं तर औषधाची दिशा ठरते. बिनसाखरेच्या गोड पदार्थांत घालतात ती एक साखर कुत्र्याचं यकृत बिघडवते. तिचा उपचार वेगळा. उंदराच्या औषधाचं इंजेक्शन वेगळं. कांदा-लसणाची भुकटी असेल तर आणखी वेगळं. मला चव नको, वास नको, यादी हवी. दुपारी दवाखाना बंद व्हायच्या आत. आणि तोवर रक्त आणखी उतरलं, तर याला अकोल्याला न्यावं लागेल. तिथवर टिकेल का, ते मी सांगू शकत नाही."

मी पायीच बाजारात गेले. अंतर फार नाही, पण त्या दिवशी ते संपेना. दुकानात ढेपेसाठी गर्दी होती. कोपरा रिकामा होता.

"थे पोतं संपलं ना परवाच," दुकानदार म्हणाला. "नवीन आलं का देतो."

"मला कांड्या नकोत. रिकामे पोते हवे आहे."

"पोतं? थे मांगच्या बाजूले कुलरवर बांधलं. उनात तपते ना बिचारा."

मागच्या बोळात कूलरच्या टपावर ते पोते सुतळीने आवळलेले होते. वर मोठ्या अक्षरांत 'चिकन' आणि एका टपोऱ्या कोंबडीचे चित्र. मी स्टूल मागून घेतले, सुतळी सोडली आणि पोते उलटे केले. पाठीवर मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत यादी होती. काही भाग उन्हाने फिका पडला होता, काही कूलरच्या पाण्याने ओला झाला होता. मी वही काढली आणि पुसल्या जाणाऱ्या फळ्यावरून उतरवून घ्यावे तसे एकेक नाव उतरवू लागले.

दुकानदार दारात येऊन उभा राहिला. "बाई, बारा वर्षं झाले या धंद्यात. एकाही कुत्र्यानं कदी यादी नाही मांगतली."

"त्याला वाचता येत नाही," मी म्हटले. "मला येते आणि मीही मागितली नाही, हे वाईट."

तो आत गेला आणि माझ्यासाठी पाण्याचा पेला घेऊन आला.

आता यादी कशी वाचावी, हे सांगते. कारण त्या स्टुलावर उभे राहून मला ते प्रथमच नीट समजले. घटक लिहिताना सामान्यतः वजनाचा क्रम पाळतात. जे सर्वांत जास्त ते पहिले, मग उतरत्या क्रमाने. त्या पोत्यावर पहिले नाव होते गव्हाचे पीठ. दुसरे मक्याचे पीठ. तिसरे गव्हातलेच चिकट प्रथिन, चौथे सोयाबीनचा चुरा. कोंबडी पाचव्या जागी होती, आणि तीही 'कोंबडीची भुकटी' म्हणून, म्हणजे मांस व उरलेसुरले शिजवून, वाळवून, दळलेले. एकच गहू दोन नावांनी लिहिला की प्रत्येक नाव लहान दिसते. बेरीज वाचणाऱ्याने करायची असते. पुढे ग्लिसरीन. कांडी मऊ राहते ती त्यामुळे. ते चवीला गोड असते, पण डॉक्टरांनी सांगितलेली साखर ती नव्हे. मग मीठ. आणि मिठाच्या खाली रंग, टिकाऊपणासाठी घातलेल्या रसायनांचे दोन आकडे, आणि शेवटी एक गोलमोल नाव: 'स्वाद मिश्रण'. त्या मिश्रणात काय आहे, ते लिहिलेले नव्हते. समोरच्या बाजूची कोंबडी मागच्या बाजूला आली तेव्हा बरीच रोडावलेली होती.

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि वाचू लागले. प्रत्येक नावाला ते "पुढे" म्हणत होते. हजेरी घेतल्यासारखे. 'स्वाद मिश्रण' म्हटल्यावर ते थांबले.

"ते मिठाच्या आधी आहे की नंतर?"

"नंतर."

"नक्की? पुन्हा बघा."

मी ओल्या पोत्यावर बोट ठेवून पुन्हा पाहिले. "नंतरच. सर्वांत शेवटी."

"मनुका, कोको, ती बिनसाखरेची साखर? झायलिटॉल असं लिहिलेलं असेल."

"नाही."

"कांदा किंवा लसूण?"

"नावाने नाही. मिश्रणात असेल तर मला दिसत नाही."

"असला तरी मिठाहून कमी. आणि मीठ असतं किती? चिमूटभर. दिवसाला दोन कांड्यांमधून एवढं रक्त जाणार नाही." फोनवर क्षणभर म्हशीचे ओरडणे ऐकू आले. "पण मॅडम, गोचिडांच्या तापाचे जंतू मला दिसत नाहीत. लाल पेशींवर जे डाग दिसताहेत, ते कुत्र्यात बहुतेक कांद्यानंच पडतात. चिमटीभर कांद्यानं नव्हे, रोज पोटभर खाल्लेल्या कांद्यानं. त्याला कांदा कुठून मिळतोय, ते शोधा."

मी स्टुलावरून उतरले. वहीत लिहिले: 'कांड्या: बहुधा कारण नाहीत.' खाली दोन रेघा ओढल्या. आणि माझा जीव भांड्यात पडला. कुत्रा तसाच पडून होता, त्याचे रक्त तसेच उतरत होते, तरी पडला. लपवण्यात अर्थ नाही. त्या क्षणी मला कुत्र्याहून कांड्या चारणाऱ्या माझ्या हाताची काळजी जास्त होती.

दवाखान्यात परतले तेव्हा वहिनी व्हरांड्यात कुत्र्यापाशी एकट्या होत्या. सलाईनची बाटली खिडकीच्या गजाला टांगली होती. भाऊ पाणी आणायला गेले होते. मी वहिनींशेजारी फरशीवर बसले.

"वहिनी, हा वावरातले कांदे उकरून खातो का?"

"नाही व माय. कच्चा कांदा कोनतं कुत्रं खाते? वावरात इतका पडला हाय, पन हुंगून बी पाहत नाही."

"मग तुम्ही त्याला काय काय देता, ते सांगा. सकाळपासून. काही सोडू नका."

"सकाळी भाकरीचा तुकडा. तुमच्या कांड्या झाल्या का थ्यावर. दुपारी ताकातली भाकर. दिवस बुडता उरलंसुरलं."

"ताकात फक्त भाकर?"

"भाकर अन् कांदा. ठेचून घालतो ना मी दोनतीन. मीठ घालून. ताकात मुरला का वास जाते त्याचा, मंग खाते थो बरोबर. वाडगं चाटून पुसून."

"कधीपासून?"

"गोंडे तोडाले लागलो तवापासून. टिनाखाली भाजून निंगते ना थो दिवसभर. ऊन लागू नये म्हून." त्या त्याच्या मोडक्या कानावरून हात फिरवत होत्या. मग सहज, कसलाही ठपका नसलेल्या आवाजात म्हणाल्या, "तुमीच त म्हनल्या होत्या, बाई."

मला आठवले. तोडणीचा पहिलाच दिवस होता. वहिनींच्या पदराला बांधलेला कांदा पाहून मी तारेपलीकडून म्हटले होते, "तुमचे ठीक आहे, पण या मुक्या जनावराचे काय? जे माणसाला लागते ते त्यालाही लागते. त्याला ताकात कांदा ठेचून देत जा." कुणी प्रश्न विचारू नये अशा वर्गातल्या आवाजात म्हटले होते. वहिनींनी प्रश्न विचारला नव्हता. बाई म्हणाल्या म्हणजे तपासलेलेच असणार, असे त्यांनी धरले. दुकानदाराच्या शब्दावर मी जसे धरले, तसेच.

पावले वाजली. भाऊ तांब्या घेऊन पायऱ्या चढत होते.

त्या वेळी माझ्यापुढे दोन वाटा होत्या, आणि पहिली फार सोपी होती. 'कांड्यांत काही निघाले नाही' एवढेच वाक्य खरे होते आणि पुरेसे होते. त्यापुढचे डॉक्टर सांगतीलच. कांदा घरचा, ठेचणारा हात घरचा. मी वही मिटून घरी जाऊ शकले असते.

"मियाली यादी?" भाऊंनी विचारले. "काय निंगालं?"

"यादीत तसे काही निघाले नाही," मी म्हटले. "हे कांद्याने झाले. ताकातल्या. कुत्र्याच्या रक्ताला कांदा सोसत नाही. आणि तो द्यायला मी सांगितले होते."

भाऊ तांब्या हातात धरून तसेच उभे राहिले. वहिनींचा हात कानावर थांबला.

"पन ठेचला त मीच बाई," त्या हळूच म्हणाल्या. "रोज, माह्या हातानं."

"तुम्हाला ठाऊक नव्हते."

"तुमाले कुठं होतं?"

"नव्हते. पण मी ठाऊक असल्यासारखे सांगितले."

सलाईनचा एकेक थेंब पडत होता, आणि मी सवयीने ते मोजत होते.

शेवटी भाऊ खाली बसले. "आपन सारे कांदाच खातो की. लेकरं खातेत. म्हंजे दीड एकर जहर पेरलं का मी?"

"माणसाला काही होत नाही. गाईम्हशींनाही फार घालू नये म्हणतात. ते डॉक्टरांना विचारू. कुत्र्याला मात्र नाहीच. कच्चा नाही, शिजवलेला नाही, भाजीच्या रश्शातलाही नाही."

"तुमच्या कांड्यायवर निदान यादी त होती," भाऊ म्हणाले. "कांद्यावर कोन छापते?"

त्यांनी तांब्यातले पाणी तळहातावर घेऊन कुत्र्याच्या जिभेला लावले आणि माझ्याकडे न बघता तांब्या माझ्याकडे सरकवला. "प्या. उन्हातून आल्या तुमी."

डॉक्टरांनी दुपारनंतरही दवाखाना उघडा ठेवला. औषध बदलले. अकोल्याला न्यायचे की नाही ते दुसऱ्या दिवशी हिरडी पाहून ठरवू, म्हणाले. दुसऱ्या दिवशी हिरडी तशीच पांढरी होती. पण त्याहून पांढरी झाली नव्हती. तिसऱ्या दिवशीही आम्ही तिघे त्याच ऑटोत त्याच क्रमाने बसून गेलो. ऑटो थांबला की भाऊ आधी त्याचा ओठ वर करून बघत, मग मी, मग वहिनी. आणि तिघांचेही मत कुणी विचारत नसे. चौथ्या दिवशी वहिनींनी कोरडी भाकर कुस्करून पुढे ठेवली. त्याने मान उचलली आणि अर्धी खाल्ली. डॉक्टर हिरडी दाबून म्हणाले, "थोडी गुलाबी आहे." मी वाकून पाहिले. मला ती पांढरीच दिसली, पण या वेळी मी ज्याला कळते त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला.

पूर्ण उभे राहायला त्याला महिना लागला. तोवर गोंडे वाळून झाले होते, बी झाडून झाले होते. राखण भाऊंनी स्वतः केली, उन्हात, त्याच टिनाखाली.

त्यानंतर मी त्या दुकानात पुन्हा गेले. नवीन पोते आले होते. चित्र तेच, कोंबडी तीच, टपोरी अक्षरे तीच. मी ते उलटे केले आणि वही काढली. यादी वेगळी होती. या वेळी ग्लिसरीनच्या आधी साखर होती, आणि स्वाद मिश्रणाच्या जागी लसणाची भुकटी असे स्पष्ट नाव होते. मी काही न घेता परत निघाले. दुकानदार मागून म्हणाला, "काय बाई, नापास केलं का पोतं?" पण पुढच्या वेळी गेले तेव्हा पोत्याचा मागचा भाग कापून त्याने भिंतीला खिळ्याने ठोकलेला होता. अक्षरे इतकी लहान की कुणी वाचत असेल असे वाटत नाही. तरी ती आहेत.

आणि एका पहाटे मी फिरायला निघाले, तर धुऱ्यावरून तांबूस काहीतरी धावत आले आणि माझ्या पदराशी येऊन भुंकू लागले. माझ्या हातात कांडी नव्हती. मी ती पुन्हा कधी नेली नाही. तो भुंकतच राहिला. वांग्यांच्या ओळीतून भाऊंचा आवाज आला, "आता द्या बाई अर्ज!"

सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर असे: कांड्यांमुळे नाही. पण ते मला त्या कांड्या विकत घेण्यापूर्वी ठाऊक असायला हवे होते, आणि ज्यामुळे झाले ते मी तोंडाने सांगितले होते. म्हणून माझेही ऐकून सोडून देऊ नका. तुमच्या घरी कुत्र्याच्या खाऊची पिशवी असेल तर ती आज उलटी करा. पहिली पाच नावे वाचा, मीठ कुठे आहे ते शोधा, त्याच्या वर काय आणि खाली काय ते पाहा. जे नाव कळत नाही ते लिहून घ्या आणि जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. पिशवीवर काहीच लिहिलेले नसेल तर दुकानात जाऊन मूळ पोते मागा. मग त्याचे वाडगे बघा, त्यात घरचे काय काय पडते तेही लिहा. मी इथे लिहिलेले बरोबर आहे की नाही, हे कृपा करून स्वतः तपासा.